मागचा दगड

गोचांग, दक्षिण कोरिया. उत्खननाचा नववा दिवस.

पोरी, तू ज्याला दोन हजार चारशे सात म्हणतेस
त्याच्यावर मी एकोणपन्नास वर्षं मिरच्या वाळवल्या.
आकडा तुम्ही परवा लावलात, पत्र्याचा.
आधी त्याला नाव नव्हतं. मागचा दगड म्हणायचो.
मागच्या दगडावर घाल, मागच्या दगडावरून काढ,
आभाळ भरलंय, माल्सुन, मागच्या दगडाकडे पळ.

माल्सुन म्हणजे शेवटची. चार मुलींवर मी पाचवी,
आता पुरे, असं बापानं देवाला नावातूनच कळवलं.
देवानं काही वाचलं नाही. माझ्यामागून अजून दोघी आल्या.

सासू सांगायची, एक म्हातारी होती डोंगराएवढी,
भिंत बांधायला ओच्यात दगड घेऊन निघालेली.
इथवर आली नि कळलं, भिंत कालच पुरी झाली.
मग काय, तिनं ओचा झटकला.
तू हसतेस. तुझ्या वहीत
शंभर माणसं, ओंडके, दोर, तीन हजार वर्षं.
असेल. पण त्या शंभर जणांना
जेवायला कोणी घातलं, ते आहे का वहीत?

दगड तसा गुणाचा.
दुपारचं ऊन निजानीज होईपर्यंत सांभाळायचा,
पाठ टेकली की कंबर सैल व्हायची.
उत्तरेच्या कडेला आंबवलेल्या सोयाबीनचे रांजण,
मधल्या खोलगटात मिरच्या,
उतारावर घसरगुंडी, तिथं पोरांच्या चड्ड्या फाटायच्या.
खाली कोणी निजलाय, हे सगळ्यांना ठाऊक.
त्याला नैवेद्य असा कधी दाखवला नाही.
शिंकला मात्र असेल बिचारा.

मग साहेब आले. ओढ्यापलीकडे एकसारखी घरं दिली.
गरम पाण्याचा नळ आहे, तक्रार नाही.
फक्त गच्चीवरची मिरची वरून लाल होते
नि आतून दमटच राहते.
इथं तुम्ही दोर बांधलात भोवतीनं.
परवा पहारेकऱ्यानं, थेबोंगच्या धाकट्यानं,
माझ्यावर शिट्टी वाजवली: आजी, दगडापासून लांब!
त्याचीही चड्डी इथंच फाटलेली.

उकरायला बायका हव्यात, रोजावर, असं कळलं
म्हणून आले. खुरपं हातातलंच.
पहिल्या दिवशी तू म्हणालीस, हाडं मिळायची नाहीत,
इथली माती आंबट आहे, खाऊन टाकते.
मला हे ठाऊक नव्हतं.
मी आपली इतकी वर्षं

असो. काल पश्चिमेच्या कोपऱ्यात तुला मिळालं
ते मी तुझ्या खांद्यावरून वाचलं:
दगडी कट्यार एक, टोक तुटलेली. खापरं दोन.
पितळी बटण एक, कंसात, नंतरचा उपद्रव.

उपद्रव काही नव्हता गं त्याचा.
रडायचासुद्धा बेतानं.
युद्धाचा दुसरा हिवाळा, अकरा महिन्यांचा होता.
जमीन लोखंड झालेली,
डोंगरावर कोणाचे बंदूकवाले, ते कळायला मार्ग नाही.
सासूनं रात्री पहारीनं खणवेल तेवढं खणलं,
दगडाच्या पोटाशी, जिथं गोठलं नव्हतं.
नवऱ्याच्या शाळेच्या कोटात गुंडाळला.
कोटाला पाच बटणं. चार तिनं आधी कापून घेतली,
पितळ होतं, त्याचे तांदूळ यायचे.
पाचवं राहू द्या म्हणाले मी,
गळ्याशी वारा लागतो.

लोकांना वाटायचं, ही मिरच्या वाळवत बसते.
मिरच्याच वाळवत होते.

नाही, खोडू नकोस. नंतरचा आहे हे खरंच की.
वरच्याला तीन हजार वर्षं झाली,
याला अजून पन्नासही नाहीत.
फक्त पेटीत ठेवताना
खाली थोडा कापूस घाल.

आणि उद्याचा माझा रोज मांडू नकोस.
उद्या गच्चीवरच्या मिरच्या उलटायच्यात.